चित्रातला डावखुरा

टॅलो गल्च, कोलोरॅडो
३ एप्रिल १८८१

प्रिय दादा,

तू मोंटानात ब्यूटला पोचलास हे मला बोलिथोंच्या लोवेनामुळे कळलं. म्हणजे तिनं सांगितलं नाही. ती खाणावळीत जेवण वाढत असताना तिच्या एप्रनच्या खिशातून पाकीट डोकावत होतं, आणि वरचं अक्षर तुझं होतं. तिला लिहिलंस, मला नाही. असो. मी काही मनाला लावून घेणारा माणूस नाही.

इथं बर्फ वितळून रस्त्याचा लगदा झालाय. नव्या हॉटेलचा पियानो घेऊन आलेली गाडी लोहाराच्या दुकानासमोर रुतली. खेचरं सोडून नेली, पियानो तिथंच. आता येणारा-जाणारा दोन बोटं मारून जातो. मीही मारली. एक खेचर अजून त्या जागेवरून पुढं जायला तयार नाही, त्याला वाटतं परत जुंपतील. त्या खेचराचं नाव बिशप आहे.

तुझ्याबद्दल अजून बोलतात. बोलिथोंच्या खाणावळीत पानावर बसलं की कुणीतरी टॉम हॉकिंगच्या मोडलेल्या पायाची चौकशी काढतो, आणि पायावरून गाडी तुझ्यावर येते. बाईमाणूस खाली उतरलं की खाण सूड घेते, हे कॉर्नवॉलच्या पोराला पाळण्यात शिकवतात, मग पेथरिक त्रेगीरला ते ठाऊक नव्हतं का, असं म्हणतात. मिसेस एलिंगवुडला कुणी बोल लावत नाही. ती न्यूयॉर्ककडची, गोष्टी लिहिणारी, चित्रं काढणारी, तिला काय कळणार? तिच्या इंजिनियर नवऱ्यालाही नाही. त्यानं वर उभं राहून खाणीत उतरायचा पाळणा सोडला, पण तोही परकाच. सगळं आपल्या माणसावर. बाई ऑक्टोबरात खाली गेली आणि छत मार्चमध्ये टॉमच्या पायावर पडलं, मग मधले पाच महिने खाण काय करत होती, असं मी एकदा विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बटाटे मागून घेतले.

खाणीचे कॅप्टन बोलिथो अजून म्हणतात की तुझ्याबरोबर पाळीवर कुणाला पाठवणार नाही. तुला लोवेनाचं नावही काढू देणार नाहीत. तिचा बापच तो.

पण दादा, खरं सांगू? हे सगळं बाईच्या त्या चित्रानं केलं. एक मार्चला मासिक आलं नसतं तर कुणाला पत्ता लागला असता? पान भरून चित्र: खाली, मेणबत्तीच्या उजेडात, एक माणूस खडकात पहार ठोकतोय. तोंड टोपीच्या काठाखाली गेलेलं. पण आपल्यात तोंड बघतो कोण? खाली सगळ्यांची तोंडं सारखीच काळी. हातोडा कुठल्या हातात आहे ते बघायचं. चित्रात तो डाव्या हातात आहे. अख्ख्या टॅलो गल्चमध्ये डावखुरा एकच, तू.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मी खाली बाईसमोर दोन तास हातोडा उचलून उभा होतो. खांदा उतरून हातात आला होता. तू मेणबत्ती धरून होतास, आणि मी बोथट पहारी बदलायला गेलो तेवढ्यात दहा मिनिटं ठोकलंस. तिनं ती दहा मिनिटं घेतली. माझे दोन तास कुठं गेले?

आईच्या वेळेपासून असंच. प्रार्थनामंदिरात गायला मी उभा राहायचो आणि म्हाताऱ्या विचारायच्या, पेथरिक आला नाही का?

असो. लोकरीचे मोजे तू विसरून गेलास. मी घातलेत.

तुझा,
झॅकी


टॅलो गल्च
२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. लोवेनाच्या पाकिटात किती ओळी होत्या ते मी विचारत नाही, पण ते जाड होतं.

तू विचारतोस, बोलिथोंच्या कानावर कुणी घातलं. आता ते मी कसं सांगणार. चित्र सगळ्यांनीच पाहिलं. ज्याला डोळे आहेत त्यानं ओळखलं असेल. इथं माणसाला करमणूक कमी, त्यामुळे एकमेकांवर लक्ष जास्त. मागच्या आठवड्यात दात काढणारा आला होता. लाल गाडी, गाडीवर ढोल. दात उपटताना ढोल बडवतो म्हणजे ओरडणं ऐकू जात नाही. माझा दात दुखत नव्हता, पण ढोल इतका झकास होता की मी रांगेत उभा राहिलो. दाढ गेली. चांगली होती.

माझ्याबरोबर आता एक वेल्श माणूस दिलाय. दिवसभर गुणगुणतो. पहार धरतो बरी, पण वळवायला विसरतो. तुझ्याबरोबर मला सांगावं लागत नसे.

मिसेस एलिंगवुडनी बोलावणं पाठवलं. नवी चित्रं काढायचीत, येशील का म्हणून. मनात म्हटलं, मी कशाला? तुमचा माणूस ब्यूटला गेला, त्याला बोलवा. पण गेलो. तिच्या घरात खिडकीपाशी मोठं टेबल आहे, त्यावर पेन्सिली, चाकू, आणि पांढरा रंग फासलेले लाकडाचे चौकोनी ठोकळे. एका खोलीचं घर, पण बाई अशी बसते की बाकीचं घर तिच्या पाठीमागं राहतं. स्टोव्हवर काहीतरी करपत होतं. मी सांगितलं तर म्हणाली, करपू दे, हलू नको.

हातोडा घेऊन उभा राहिलो. तिनं पहिल्यांदा काय विचारलं असेल? तुझी खबर. पेथरिक कसा आहे, तिकडे काम मिळालं का, माझ्यामुळे त्याला फार सोसावं लागलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हटलं, मजेत आहे. जाड झालाय.

चित्राबरोबरची तिची गोष्ट मी आता वाचली. आधी वाचली नव्हती, चित्र बघूनच पुरे झालं होतं. तिच्या गोष्टीतला खाणकामगार फार कमी बोलतो. दोन पानांत त्याला एकच वाक्य आहे, तेही हवेबद्दल. दुसरी माणसं त्याच्याविषयी बोलतात आणि तो ऐकत उभा. म्हणजे तूच की. त्यातली खेचराची गोष्ट मी सांगितलेली, पाण्याच्या पिंपाची मी सांगितलेली, पुराची मी सांगितलेली. माझ्या तोंडच्या गोष्टी आणि तुझं गप्प बसणं, आणि नाव झालं कुणाचं?

खाणावळीत ते पान भिंतीला डकवलंय. टॉम हॉकिंगला मुद्दाम त्याखाली बसवतात. शिव्या तुलाच घालतात, पण मुक्कामाला नवा माणूस आला की आधी ते पान दाखवतात. मला वाटायचं, माझ्या नावानं शिव्या असत्या तरी चाललं असतं.

झॅकी


टॅलो गल्च
८ मे

दादा,

हे पत्र तू बसून वाच. मी चार वेळा लिहून चार वेळा स्टोव्हमध्ये घातलं.

काल पुन्हा बाईंकडे उभा होतो. मधे पाय मोकळे करायला टेबलापाशी गेलो. न्यूयॉर्कहून तिच्या एका चित्राचा छापून आलेला नमुना पडला होता: आपला रस्ता, पाण्याची गाडी, बोलिथोंची खाणावळ. खाणावळ ओढ्याच्या बाजूला काढलेली. मी म्हटलं, मॅडम, हे चुकलं, आमची खाणावळ डोंगराच्या बाजूला आहे. ती हसली. म्हणाली, मी बरोबरच काढली होती. लाकडावर काढते, तिकडे ते कोरतात, शाई लावून दाबतात. शिक्का मारल्यासारखं उलटं उठतं.

मी म्हटलं, सगळंच उलटं?

म्हणाली, सगळंच. पाटीवरची अक्षरं तेवढी मी ठोकळ्यावर उलटी लिहिते, नाहीतर वाचता येणार नाहीत. बाकीचं असू देते.

मी विचारलं, आणि हात?

"हाताचं काय? न्यूयॉर्कात कोण बघतंय हातोडा कुठल्या हातात आहे ते?"

दादा, तिनं सहज म्हटलं ते. पेन्सिलीला टोक करत म्हटलं. मी विचारलं, मग मार्चमधलं चित्र कुणाचं? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "म्हणजे? तुझं. पेथरिकनं मेणबत्ती धरली होती ना."

मी म्हटलं, पण तुमच्या गोष्टीतला माणूस बोलतच नाही.

"तुझं बोलणं मला कागदावर धरता येईना, झॅकी. तीनदा लिहिलं, तीनदा खोटं वाटलं. शेवटी तुला गप्प केलं. रागावलास?"

आता जे लिहितो ते वाचून तू पत्र फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच. मला आनंद झाला. दुसरं काही नाही, नुसता आनंद. तिच्या घरातून निघालो तो खाणावळीत गेलो, भिंतीवरच्या पानासमोर उभा राहिलो, आणि ती ढोपराची वाकण, तो मागं टाकलेला पाय, सगळं माझं. दोन महिने मी माझ्याच चित्रावर जळत होतो. लोवेना म्हणाली, दात काढून काय हसतोस? मी तिला सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तिच्या हातात तुझं पत्र होतं.

तेव्हा आठवलं.

बोलिथोंना मी सांगितलं, दादा.

मासिक आलं त्या दिवशी तू पाळीवर होतास. मी ते पान बघितलं आणि उठून त्यांच्या ओसरीवर गेलो. ते चाकूनं नखं कापत होते. मी म्हटलं, कॅप्टन, बाई खाली उतरली होती, आणि कुणी उतरवली ते बघायचं असेल तर हातोड्याचा हात बघा. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक होतं. पुढं म्हटलं, पेथरिक हसत होता, म्हणत होता ही सगळी म्हाताऱ्यांची खुळं आहेत. मी त्याला अडवायला बघितलं, पण थोरला भाऊ, ऐकतो थोडाच.

ते नखं कापत राहिले. मला वाटलं, विसरतील. दोन दिवसांनी छताचा तुकडा टॉमच्या पायावर आला, आणि मग ते विसरले नव्हते हे कळलं.

पहिल्या पत्रात मी चित्राला दोष दिला. दुसऱ्यात दात काढणाऱ्याला मधे घातलं. ढोल खरा होता पण.

तुला काय लिहू. माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. उद्या बोलिथोंकडे जातो.

झॅकी


टॅलो गल्च
१९ मे

दादा,

उद्या म्हटलं होतं, पण जायला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी ते घरी नव्हते, ते खरं. बाकीचे आठ दिवस ते घरीच होते.

काल गेलो. भिंतीवरचं पान काढून घेतलं आणि मिसेस बोलिथोंकडे दाढीचा आरसा मागितला. त्या म्हणाल्या, दाढी माझी नाही, त्यांची, त्यांना विचार. तर आरसा कॅप्टननाच धरायला लावला आणि पान समोर केलं. आरशात हातोडा उजव्या हातात आला. न्यूयॉर्कला काय होतं ते मी समजावलं. शिक्क्याचं सांगितलं, खाणावळीची बाजू सांगितली. त्यांनी बराच वेळ आरशात बघितलं, मग पान बाजूला करून माझ्या पायांकडे बघितलं.

"ढोपर तुझंच आहे," म्हणाले. "उभा राहताना घोड्यासारखा एक पाय ढिला सोडतोस."

मग मी बाकीचं सांगितलं. लोवेना दारात येऊन उभी राहिली होती, तिला जा म्हणायचं माझ्या तोंडात आलं होतं, पण म्हटलं असू दे. बाईला खाली न्यायचं माझ्या डोक्यात आलं, तुझ्या नाही. तिला खालचं सगळं वर्णन करून करून मीच तिच्या मनात भरवलं, कारण ती ऐकते तेव्हा पेन्सिल थांबते, आणि मला ते आवडतं. तू तीनदा नाही म्हणालास. तिसऱ्यांदा मी रुसलो, तेव्हा आलास, मी एकट्यानं काहीतरी बिघडवीन म्हणून. आणि हसला नव्हतास. खाली गेल्यावर तू टोपी काढलीस आणि तुझी जेवणाची पेस्टी, अख्खी, मटण-बटाट्यासकट, खडकातल्या कपारीत ठेवलीस. आपण सगळे ठेवतो तसा कोपरा मोडून नाही, अख्खी. मी विचारलं, एवढी कशाला? तू म्हणालास, खडकात ठोकत राहणाऱ्या बुटक्या भुतांना, आज त्यांच्या घरात न विचारता पाहुणा आणलाय. मी त्यावर हसलो. हसला तो मी. तू संध्याकाळपर्यंत उपाशी होतास आणि मी माझ्या पेस्टीतलं तुला विचारलंही नाही.

हे ऐकून बोलिथोंनी आरसा खाली ठेवला. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"अख्खी ठेवली होती?"

"अख्खी."

"बाईला खाली नेली ही तुम्हा दोघांची चूक," म्हणाले. "पण त्यानं केलं ते माणसासारखं केलं. तू इथं येऊन भावाचं नाव घेतलंस, आणि मी तुला देवभीरू समजलो. त्या दिवशी इथंच जेवलास. दोनदा वाढून घेतलंस, हिला विचार."

मिसेस बोलिथो आतून म्हणाल्या, "तीनदा."

निवाडा असा: तू परत येऊ शकतोस. तुझ्याबरोबर ते स्वतः पहिली पाळी करतील, म्हणजे बाकीच्यांची तोंडं बंद. लोवेनाचं काय ते तुझं तू बोल, ते अडवणार नाहीत. मी मात्र त्यांच्या हाताखाली राहायचं नाही. तू येण्याआधी निघायचं. ते म्हणाले, खाण एक वेळ विसरेल, छताखाली तुझ्या शेजारी उभं राहायला कुणाला बोलावू मी?

मी हो म्हटलं. मला त्यांचा राग आला नाही. लोवेनाचा आला. ती आनंदानं रडत होती, आणि मी समोर उभा असून तिला दिसत नव्हतो.

बाईंना सांगायला गेलो. सगळं सांगितलं, तुला उपाशी ठेवलं तेसुद्धा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि उचलली नाही. म्हणाल्या, अर्धं राहिलेलं चित्र मी पुरं करणार नाही. मी विचारलं, माझ्यावर राग म्हणून? त्या म्हणाल्या, "नाही. माझ्यावर. मी म्हटलं होतं ना, हात कोण बघतंय म्हणून."

झॅकी


डनहॅमचा थांबा
१६ जून

दादा,

तुझी ओळ पोचली. 'गुरुवारच्या गाडीनं येतो. तू तिथं नसावास.' बरोबर आहे. मी नसणार होतोच.

बुधवारच्या गाडीनं निघायचं होतं. निघालो असतो, पण बिशप खेचर एकदाचं त्या जागेवरून पुढं गेलं ते बघत थांबलो. पियानोही चिखलातून निघाला, दोन पट्ट्या तेवढ्या मिळाल्या नाहीत. गाडी गेली. म्हणून आज, गुरुवारी, खाली जाणाऱ्या गाडीनं निघालो, आणि घोडे बदलायला तुझी गाडीसुद्धा इथंच थांबते हे माझ्या लक्षात नव्हतं. खरं तर होतं. वर जाणारी आणि खाली जाणारी, दोन्ही गाड्या डनहॅमला जेवतात हे मला कधीपासून ठाऊक आहे.

मी आतल्या बाकावर स्टोव्हच्या मागं बसलोय. तुमची गाडी आली तेव्हा तू टपावर बसलेला होतास, गाडीवानाशेजारी, आणि तो पोट धरून हसत होता. तू. ज्याला दोन पानांत एक वाक्य मिळतं. ब्यूटला तुला बोलायला कुणी शिकवलं? मी इतकी वर्षं बडबड करून कुठल्या गाडीवानाला असं हसवलं नाही. मला तेही खुपलं. एवढं सगळं झाल्यावरही खुपलं. ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कधी मी सुधारलो असं म्हणालो तर तुझ्याकडे पुरावा राहील.

तू आत आलास. थांब्याची बाई रस्सा ढवळत होती. तू जेवण मागितलं नाहीस. तिला विचारलंस, टॅलो गल्चहून कुणी उतरलंय का, लांबट अंगाचा, माझ्यासारखाच दिसणारा, फार बोलणारा. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नाही म्हटलं. ती म्हणाली, आज तरी नाही बाबा, फार बोलणारे सगळे रोजच येतात, कुठला तुझा ते कसं सांगू. तू म्हणालास, "काल तरी गेला असेल?" ती म्हणाली, कालचं मला माहीत नाही.

तू तिथंच उभा राहिलास. टोपी हातात. 'तू तिथं नसावास' असं लिहिणारा माणूस असा विचारत नाही. मग म्हणालास, बरं, आणि बाहेर गेलास.

बाई आता माझ्यापुढं वाडगा आपटून म्हणाली, "खोटं मी एकदाच बोलते. गाडी जुंपतायत, काय ते ठरव."

खिडकीतून दिसतोस. हौदावर तोंड धुतोयस. मानेवर पाणी घेतोस तसं आई घ्यायची. हे पत्र थांब्याच्या बाईकडे ठेवून जाणार होतो, गाडी सुटल्यावर तुला द्या म्हणून. गाडीवान दोन्हीकडचे ओरडायला लागलेत. तुझे डोळे मिटलेले आहेत आणि हात टॉवेल चाचपडतोय. टॉवेल इथं आत खिळ्यावर, माझ्या डोक्यावर आहे.

थांब. आणतो.